चौथ्या ओळीच्या टोकाचं अंजीर

९ ऑगस्ट, शनिवार
आज अकरा पाहुणे! लेकीनं आठच सांगितले होते. तीन खुर्च्या शेजारच्या वाइनवाल्याकडून आणल्या. बाटल्याही त्याच्याच – पण द्राक्षं आमची. आणि अंजीर तर पुरतं आमचं. हिरवं, पातळ सालीचं, आत मधासारखं. बाजारात पोचेपर्यंत फुटतं, म्हणून इतकी वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. लेक म्हणाली, फळ लोकांपर्यंत जात नसेल तर लोकांना फळापर्यंत आणू. आणले की! एका बाईंनी अंजीर खाल्लं, वर गार वाइनचा घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. माझी छाती फुगून शर्टाची बटणं तुटतात की काय असं झालं.

१० ऑगस्ट
एक गोष्ट काल लिहायची टाळली. एका पाहुण्यानं विचारलं, हे झाड आलं कुठून? अकरा माना माझ्याकडे वळल्या. जीभ घसरली. म्हणालो, माझ्या आजोबांनी परदेशातून बोटीनं आणलं – फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, बुटात लपवून. सगळे खूश. ही, म्हणजे लेकीची आई, बशा मांडत होती. तिनं मान वर केली नाही.

आजोबांनी उभ्या जन्मात बोट पाहिली नव्हती.

१६ ऑगस्ट
आता बूट दोन झालेत. एकात फांदी, दुसऱ्यात तिथली माती. लोकांना फार आवडतं. काय करू?

१९ ऑगस्ट
पर्यटन मंडळाचं पत्र! द्राक्ष-अंजीर सहलीचा नकाशा छापणार आहेत, आणि पहिला थांबा आमचा मळा असावा असं त्यांच्या मनात आहे. अधिकारी बाई शनिवारी पाहायला येणार. सोबत एक फॉर्म. त्यात रकाना – 'हे वाण इथे प्रथम कुणी लावलं?' लेकीनं सुवाच्य अक्षरात आजोबांचं नाव लिहिलंय. तिला खरं माहीतच नाही. हिनं कधी सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

२० ऑगस्ट
निदान इथे तरी खरं लिहितो. ही पोस्टात पत्रं निवडायची. जुनं पोस्ट पाडायला काढलं, तेव्हा मागच्या भिंतीत उगवलेल्या अंजिराची एक फांदी डब्याच्या पिशवीतून घेऊन आली. द्राक्षांच्या चौथ्या ओळीच्या टोकाला खोचली. मी म्हणालो, द्राक्षांचं पाणी पिईल, काढून टाक. वर्षभरात तीनदा म्हणालो. ही तोंडानं हो म्हणायची. आज मळ्यात चाळीस झाडं आहेत. सगळी त्या एका झाडाच्या फांद्यांची, सगळी हिच्या हातची. मी लावले ते फक्त बूट.

२२ ऑगस्ट
धीर करून हिला म्हणालो, फॉर्मवर तुझं नाव घालतो. भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"घाला. पण बूट पाहुण्यांसमोर सांगितलेत ना? मग हेही त्यांच्यासमोरच सांगा."

पुन्हा चिरायला लागली.

२३ ऑगस्ट, शनिवार
सांगितलं.

चौदा पाहुणे, टेबलाच्या टोकाला अधिकारी बाई. उभा राहिलो. पोस्ट, पिशवी, फांदी, आणि मी तीनदा काढ म्हणालो ते – सगळं. बाईंचं लिहिणं थांबलं. मला वाटलं, गेला नकाशा. एक म्हातारे गृहस्थ पहिल्या शनिवारीही आले होते, आज मित्रांना मुद्दाम ती गोष्ट ऐकवायला घेऊन आलेले. त्यांनी विचारलं, मग ते बूट? मी म्हणालो, ते माझ्या डोक्यातून निघाले. कुणी हसलं नाही.

मग बाईंनी पेनाला टोपण लावलं. विचारलं, झाडांबद्दल कुणाशी बोलू? मी हिच्याकडे बोट दाखवलं. ही पदराला हात पुसून पुढे निघाली आणि सगळेच्या सगळे तिच्या मागे. दीड तास! छाटणी कधी, पहिला बहर का खुडायचा, फळ देठाशी कसं वाकलं की तोडायचं – मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. तोवर मी बशा मांडल्या. एक फोडली. लांबून तिचा आवाज येत होता. असा आवाज तिला आहे हे मला या वयात कळावं!

२४ ऑगस्ट
लेक माझ्याशी बोलत नाहीये. आईशी बोलायची थांबत नाहीये.

२८ ऑगस्ट
पहिला थांबा आम्हीच! नकाशाचा नमुना आला. मळ्याच्या चित्राखाली हिचं पूर्ण नाव. तीनदा वाचलं. मग वाइनवाल्याला दाखवलं, न्हाव्याला दाखवलं, बसथांब्यावर एका अनोळखी माणसालाही. "ही माझी बायको." त्यानं अभिनंदन केलं. लेक संध्याकाळी म्हणाली, बाबा, नकाशा चुरगळेल, द्या इकडे. म्हणजे बोलली!

३० ऑगस्ट, शनिवार
आज ही पाहुण्यांना पहिलं झाड दाखवत होती. बशा घेऊन मी मागे. ती सांगत होती, झाड दीड वर्षाचं असताना पाऊसच पडला नाही. लेकीच्या जन्मासाठी ती दोन महिने बहिणीकडे होती.

"परत आले तर द्राक्षांच्या दोन ओळी वाळलेल्या. हे मात्र हिरवंगार. पाणी कुणी घातलं, ते मी आजवर विचारलेलं नाही."

मीही सांगितलेलं नाही.

एक दिवसाआड, दोन बादल्या.