तळहातावरची बिऱ्हाडं

सक्करदरा, नागपूर
गुरुवार

चि. सौ. अपेक्षा हीस,

प्रेमिलाताईचा भरभरून आशीर्वाद. तुझी कंबर, बाळाची भूक, तुझ्या आईंचे गुडघे, सगळं कसं आहे ते कळव. मी ठणठणीत आहे. हे वाक्य परवापर्यंत लिहायची सोय नव्हती, म्हणून आधी लिहून टाकलं.

"बारशाला येणार नाही, कारण विचारू नका," असा निरोप मी पाठवला आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं, मुलगी झाली म्हणून नणंदबाईंनी तोंड फिरवलं. अगं, भाची व्हावी म्हणून मी किती आस लावून बसले होते! खरं कारण वेगळंच आहे. ऐक, पण हसू नकोस (टाके ओले आहेत).

आमच्या शेजारची दीप्ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिला प्रयोगासाठी निरोगी माणसांच्या त्वचेचे नमुने हवे होते. निरोगी आणि स्वच्छ म्हटल्यावर या गल्लीत माझ्यापुढे कोण आहे? मी हात पुढे केला, तिने कापसाची काडी फिरवली, आणि मी मनातल्या मनात पहिला नंबरही घेऊन टाकला. पुढे एक दिवस पोरगी आनंदाने उड्या मारत आली, "मावशी, तुमच्या हातावर लय विषाणू निघाले!" एवढं सांगून परीक्षेसाठी अमरावतीला चालती झाली.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. बाळाला हात लावायचा नाही, हे तिथेच ठरवलं. ह्यांना ओसरीत काढलं, ताट वेगळं केलं (ते कोपऱ्यावर तर्रीपोहे खाऊन इतके खुलले की मला शंका यायला लागली). दाराच्या कड्या, भाजी, नोटा, सगळं सॅनिटायझरने पुसलं. फोनला तर आंघोळच घातली. तेव्हापासून तो बोलत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या अहोंच्या, रोहितच्या हाती देते आहे. एरवी फोन असताना माहेरी गेलेल्या भावजयीला पत्रं कोण लिहितं? प्रत्यक्ष न पाहिलेल्या बाळासाठी मी पदर तोंडात धरून रडले, खोटं कशाला सांगू.

काल दीप्ती परतली. मी खिडकीतूनच बोलले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही काहून घाबरून राहिल्या? चांगल्या धडधाकट माणसाच्या कातडीवर हे राहतेच. माझ्याही हातावर हायत. यातले बहुतेक तर कातडीवरच्या जंतूंच्याच मागे लागते, त्यायलेच मारते, आपल्याले काही करत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. खूप हसले, आणि मग ह्यांना आत बोलावलं. ("अजून दोन दिवस राहू दे ना वं," म्हणाले.)

तुझीच,
प्रेमिलाताई

ता. क. आत्या जिवंत असताना बाळाच्या कानात कुर्र दुसऱ्या कोणी करायचं नाही. तुझ्या बहिणीने माझ्या जागी बसायला नवी साडी घेतली म्हणे. ती तिने खुशाल नेसावी, पण नाव मीच ठेवणार. रविवारी बारशाला पहिल्या बसने काटोलला येते.

ता. क. दुसरा. बाळाला हात धुऊनच घेईन. दीप्ती म्हणते, एका घरात राहणाऱ्यांचे हे विषाणू थोडेफार एकमेकांसारखे होतात. फोटोत बाळ नाकाडोळ्यांनी सगळं तुमच्याकडचं दिसत होतं. निदान एवढ्या बाबतीत तरी ते आत्यावर जावं, म्हणून महिनाभर राहायलाच येते आहे. तुझ्या आईंना तू सांग. बॅग भरून झाली आहे.