डमी मी गायली, गाणं कुणावर?

९ नोव्हेंबर
आज पांढुर्ण्याला. ह्यांनी लिहिलेल्या गाण्याची डमी मी गायले. खरी गायिका नागपूरची, ती डमी ऐकूनच गाणं बसवते. मी भजनात गाते म्हणून हे काम माझ्या गळ्यात. मोबाइलच्या दुकानावरची खोली, भिंतींना फोम, आवाज नको म्हणून पंखा बंद.
ओळ अशी : "बागेतल्या काट्यात गुंतली ओढणी तुही, सोडवता सोडवता दिवस मावळला."
गाता गाताच कळलं, ही मी नव्हे. माझं माहेर मोहगाव, आमच्याकडे नुसता कापूस. इकडे बाग म्हणजे संत्र्याचीच, आणि अकरा वर्षांच्या संसारात ह्यांच्यासोबत तसल्या बागेत एकदाही गेले नाही. 'ओढणी'वर आवाज बसला.
काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला : "वहिनी, भाऊनं तुमच्यावरच लिवलं दिसते!"
हे खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले.

१० नोव्हेंबर
विचारलं. "कोण होय ती?"
"अवं, गाणं आहे ते. काहीबी डोक्शात घेऊन राहिली तू."
भाजीत मीठ जास्त पडलं. पडलं कसलं, टाकलं. हे मुकाट्यानं जेवले. म्हणजे आहेच कुणीतरी.

१६ नोव्हेंबर
पुन्हा पांढुर्णा, मीही गेले. मुद्दाम. गायिका बावीस-तेवीसची. गोड आहे, काय करणार. म्हणाली, "दादा, ती कोण होती सांगा ना, मले भाव सापडून नाही राहिला."
हे तिला गॅलरीत घेऊन गेले. दहा मिनिटं! हात हलवून हलवून सांगत होते. मला अकरा वर्षांत नाही, आणि हिला तासाभराच्या ओळखीवर. आत येताना माझ्याकडे बघून हसली. मग एका दमात गायली. सगळे वाहवा करत होते, मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

४ डिसेंबर
गाणं जोरात. लोधीखेड्याच्या लग्नात डीजेनं चारदा लावलं. आमच्या अंगणवाडीतली मदतनीस : "ताई, मजा आहे बा तुमची. नवऱ्यानं तुमच्यावर गाणं लिवलं."
मी म्हटलं, "मग!"
आतापर्यंत सात-आठ जणींना असंच. लाज वाटते. पण आवडतंही, खोटं कशाला लिहू. फक्त घरी आलं की अंगाची आग होते. ती बाई कुठं असेल, तिनं ऐकलं असेल का, ऐकून हसली असेल का...

११ डिसेंबर
राहवेना. दुपारी गायिकेलाच फोन. सरळ विचारलं, तिचं नाव काय.
"वहिनी, नाव नाहीच सांगतलं दादानं. म्हणे, घरवालीनं डमीत जसं म्हटलं तसंच म्हण, तसं कोणाले नाही जमणार. 'ओढणी'वर तुमचा आवाज बसला नं, तो मी तसाच उचलला. लोकायले तेच आवडून राहिलं."
फोन ठेवून हसूच आलं. ते प्रेम नव्हतं बाई, राग होता माझा. आता त्यावर सगळीकडे नवरदेव नाचताहेत. जरा बरं वाटलं. जरासंच. माझ्या गाण्याचं एवढं कौतुक, तर तोंडावर का नाही? आणि ते एक वाक्य सांगायला दहा मिनिटं लागतात का?

२३ डिसेंबर
यूट्यूब चॅनलवाली बाई सकाळी सौंसरला आमच्या घरी. 'गाण्यामागची गोष्ट' हवी. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला पैठणी नेसायला लावली. तिनं आधी मलाच विचारलं, "वहिनी, ते बागेतली तुम्हीच नं?"
हे माझ्याकडे बघत होते. 'हो' म्हण, असंच डोळ्यात.
म्हटलं, "नाही जी. मी नव्हे ते. कोण होती, त्यायलेच विचारा."
कॅमेरा ह्यांच्याकडे वळला. घाम फुटला ह्यांना. "थोडं पाणी आण वं," एवढंच. आणि मी, सवय मेली, उठले. माठातून गडवा भरून आणेपर्यंत हे बोलून मोकळे झाले होते. ती बाई डोळे पुसत होती. हे माझ्याकडे बघेनात, मीही विचारलं नाही.
कशाला उठले मी?
व्हिडिओ रविवारी टाकणार म्हणे. सगळा तालुका पाहील, तेव्हाच मीही पाहणार.