कापून उरलेलं मृत्युपत्र

तीनदा लिहिलं आणि तीनदा ललित वकिलानं परत केलं. "काकू, अकरा पानं कोण वाचते? दोनच आणा," म्हणे. जन्मभर फुलाच्या दुकानावर मी गिऱ्हाइकाले म्हणत आली, मुद्द्याचं बोल, गजरा पाहिजे का हार. आता तो मलेच कापायला लावून राहिला. कापलं. उरलं ते खाली आहे.

मी, आशाबाई जानराव मसने, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, राहणार जुने शहर, अकोला. पोटात गाठ आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकानं किंवा गोडबोलेपणानं लिहीत नाही. आधीचे कागद रद्द समजावेत.

१. दुकानाची जागा, कात्री, सुया, टोपल्या शालूला. ती बाजूलाच बसते आणि माझी गिऱ्हाइकं पळवते. त्यावर एक पान शिव्या होत्या, कापल्या. पळवायलाही अक्कल लागते, दुकान चालवील.

२. दिवंगत नवऱ्याचे थोरले भाऊ खुशालराव यांना काही नाही. वकील म्हणे, काही नाही द्यायचं तर कारण लागत नाही. तरी एक ठेवते. माझ्या पोराच्या तेरवीच्या पंगतीत त्यांनी घराचा भाव विचारला.

३. शिवम माझा एकुलता मुलगा होता. अकोटच्या रस्त्यावर गाडी घसरून गेला. इथं सगळ्यात जास्त लिहिलं होतं. त्या सकाळी अर्धी भाकर ताटात टाकून उठला, मी ओरडली, तो हसला, असं सगळं. वकील म्हणे, मेलेल्याचं नाव वाटणीत येत नाही, कलमच काढा. मी म्हटलं, "बाकी पाहिजे तेवढं काप. हे नाही निघत."

४. घर, दोन खोल्या आणि मागचा मोगरा, सून गीतांजली हिला. ती हल्ली माहेरी, हिवरखेडला आहे. यापुढे एक ओळ होती: ‘तिने दुसरे लग्न केले नाही तरच.’ ही ओळ वकिलानं काढायला सांगितली नव्हती, उलट कामाची आहे म्हणे. मीच कापली. लिहिताना हात थांबला नव्हता, कापताना थांबला. ती ओळ होती तोवर वाटे, पोरगी माझ्याकडची आहे.

गीतांजली, तुले पाहायला पाहुणे येऊन राहिले, हे मले कळलं. चांगला असंन तर हो म्हण. घरात नवऱ्याले घेऊन राह्य, नाहीतर वीक. आखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, शिवमच्या नावाचं पाणी भरत जा, असं लिहिलं होतं, तेही कापलं. नव्या घरात ते तुले जमणार नाही.

साक्षीदार:
पार्बताबाई उमप, शेजारीण (अंगठा)
ओमप्रकाश बोचरे, चहावाले (सही)

अकोला, ता. ४ एप्रिल २०२५
आशाबाई जानराव मसने (सही)

सहीखाली लिहू नका म्हणे, तरी लिहिते. गीतांजली, तू फोनवर म्हटलं होतं, "आई, मले ते घर नको, तिथं त्यायचा आवाज येते." मले तर त्या आवाजासाठीच ते घर पाहिजे होतं. आता घेतेस का नाही, आखाजीच्या आत सांग. बापाच्या हातचा निरोप चालणार नाही. तू स्वतः बोल.