माकडांच्या बॅन्डची पूजा

११ ऑक्टोबर १९८८, जळगाव

धुळ्याच्या मोतीलालशेठचा निरोप आला. नाणं टाकलं की चालणारी जुनी मशीनं त्यांच्या वडिलांनी जत्रांतून, साहेबांच्या क्लबांतून जमवली होती. शेठनी ती आता गोदामात मांडून म्युझियम केलंय. सांभाळायला मेकॅनिक हवा, राहायला खोली. खंडेनवमीला या, मशीनं बघा, मग ठरवू म्हणाले. म्हणजे ठरलंच.

१२ ऑक्टोबर

ऑईल मिलचा राजीनामा दिला. बावीस वर्षांची नोकरी. मॅनेजर 'थांबा' सुद्धा म्हणाला नाही. धक्का बसला असावा.

बायकोला सांगितलं. मंजुळा म्हणाली, पहिले ते काम तं लागू द्या. बायकांना कॉन्फिडन्स नसतो.

१६ ऑक्टोबर

मंजुळा सोबत येणार म्हणते, खोली बघायला. येऊ दे. धुळ्यात मी तोंड बंद ठेवणार, फक्त काम बोलेल.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ९.३०, धुळे

वजनाचं मशीन, हँडल फिरवून चित्रं दाखवणारी पेटी, लोखंडी गोळ्यांचा खेळ. मधोमध काचेच्या पेटीत चार माकडं: तांब्याचा पैसा टाकला की बॅन्ड वाजवतात. शेठच्या वडिलांचा जीव त्यात होता. शेठ म्हणाले, अजून चालतं, झुलालभाऊ, नुसतं तेल द्या. म्हटलं, माझ्यावर सोडा.

सकाळी ११

शेठ चहाला गेलेत. मंजुळा मागे खोली बघतेय. शेठनी प्रत्येक मशीनवर फक्त एकेक झेंडूचं फूल ठेवलंय. नवमीला ही काय पूजा? मिलच्या घाण्याची पूजा बावीस वर्षं मीच केली. माकडांना हळदकुंकू लावलं. पैसा टाकायची फट म्हणजे मशीनचं तोंड, म्हणून मूठभर अक्षता तिथेच वाहिल्या. शेठ खूश होणार.

११.२०

शेजारच्या वाटीतला जुना पैसा टाकला. माकडं गप्प. दुसरा टाकला. गप्प. तिसरा टाकून काचेवर टिचकी मारली. गप्प.

११.४०

शेठ येऊन उभे राहिले. म्हटलं, व्होल्टेज कमी आहे. शेठ म्हणाले, हे चावीवर चालतं.

दुपारी १२

शेठचे डोळे भरून आले. बापाची शेवटची वस्तू, म्हणाले, आजवर कधी थांबली नव्हती. मला राजीनामा आठवला. खरं लिहायचं तर मला रडू येत होतं.

दुपारी १, एसटी स्टँड

शेठ डोळे पुसत होते तेवढ्यात मंजुळा खोली बघून आली. वाकून फटीत पाहिलं. म्हणाली, मशीन खराब नही शे, त्याना पोटमा तांदूय शेतस. दोन हमालांना पेटी उचलायला लावली, तिरपी धरवली आणि सुपात पाखडावं तशी हलवून घेतली. अक्षतांचे तांदूळ पडले. मागून मी टाकलेले तीन पैसे पडले. चौथा शेठनी टाकला. माकडांनी बॅन्ड वाजवला आणि शेठ लहान मुलासारखे हसले.

शेवट गोड. फॉल्ट सापडण्यासाठी आधी तो असावा लागतो, हे शेठना कळलं असेलच.

२१ ऑक्टोबर

नेमणुकीचं पत्र आलं! पाकिटावर मंजुळाबाईचं नाव. टायपिस्टची चूक. एसटीडीवरून शेठना फोन केला. चूक नाही म्हणाले. मी काय करू, विचारलं. शेठ म्हणाले, खोली दोघांची आहे.

मिलमध्ये गेलो. राजीनामा परत मागितला. माझ्या जागी माणूस लागलाय.

२४ ऑक्टोबर, धुळे

मंजुळाचा कामाचा पहिला दिवस. भाकरी मी केली. एका बाजूनं चांगली झाली होती. डबा घेऊन म्युझियममध्ये गेलो. दारात टेबल टाकून तीच बसली होती. तिकिटाशिवाय कुणालाच आत सोडायचं नाही, शेठची ऑर्डर आहे म्हणाली, आणि मला तिकीट फाडून दिलं.