कण्यांचा महिना

आई, आज सुनेने माझ्या हातातली भरली कळशी काढून घेतली, "तुम्ही बसा" म्हणाली, आणि तू आठवलीस. विंझरला भाताची गिरणी आली तेव्हा आपल्या पासली गावातल्या तुम्हा म्हाताऱ्यांना असंच प्रेमाने बसवलं होतं. कांडण सुटलं, पण दोन पावसाळ्यांत तुझे नि तुझ्या मैत्रिणींचे गुडघे धरले. तू चुलीपुढून उठताना पडलीस. वडील नव्हते, दादा पुण्याला नोकरीला, मी तेव्हा बिनलग्नाची, भोरला शाळेत शिकवत एका खोलीत राहणारी. घराला कुलूप लावून तुला माझ्याकडे न्यायचं ठरलं.

"शिमग्यापातुर थांब पोरी, मंग बोल," एवढंच तू म्हणालीस. दुसऱ्याच संध्याकाळी आळीतल्या म्हाताऱ्या आपल्या अंगणात, उखळाभोवती. "बसून बसून हात मोडलं आपलं," हे तुझं भाषण. पण कांडायला भात होतंच कुठं? सगळं गिरणीतून पांढरंशुभ्र होऊन आलेलं. तुम्ही बायांनी तो आधीच टरफल काढलेला तांदूळच उखळात ओतला आणि दणादण मुसळं घातली! अख्ख्या आळीने महिनाभर कण्या खाल्ल्या. शेजारची सून कावून सासूला म्हणाली, "आत्याबाई, आमाला दात हायेत की अजून!" तू पोट धरून हसलीस. मग मात्र घराघरांतून थोडं भात गिरणीला न धाडता तुमच्यासाठी ठेवायला लागले. एका उखळात दोघींची मुसळं, एक वर तर एक खाली, आणि बाकीच्या पाखडत, एकमेकींची टर उडवत. जिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता ती शेजारीण स्वतःचा अंबाडा घालायला लागली.

शिमग्याला मी न्यायला आले. तू सगळ्यांदेखत उकिडवी बसलीस आणि खांबाला हात न लावता उठलीस. पुन्हा बसलीस, पुन्हा उठलीस. "हाय का न्हाई जोर? म्या न्हाई येनार. हितं माजी मानसं हायेत." मैत्रिणींनी असा गलका केला की मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. वर माझं बोचकं डोक्यावर घेऊन तू एसटीपर्यंत पोचवायला आलीस. शेवटपर्यंत तू त्याच घरात, आपल्या पायांवर राहिलीस. किती छान झालं ते!

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. एसटी वळल्यावर मी रडले होते. खोलीत तुझ्यासाठी नवी खाट आणून ठेवली होती. गुडघ्यांचं निमित्त होतं, आई. मला एकटीला करमत नव्हतं.