वॉरलॉकचा करार

रविवार, २ नोव्हेंबर

क्षितिजनं माझं पुस्तक जाळलं. क्षितिजनं!

म्हणजे आमच्या रविवारच्या खेळातलं, जिथे प्रत्येकजण एक पात्र होऊन फाशांवर गोष्ट खेळतो. पण खेळ ओजस चालवतो, आणि त्यानं सरळ हात पुढे केला — "सई, पुस्तक जळलं म्हणजे वहीपण गेली. दे इकडे." चार वर्षांच्या रविवारांची दोनशे पानी वही! एकेक मंत्र माझ्या हातानं लिहिलेला, चौकटी आखून. दिली. मारुंजीहून रिक्षात रडतच आले. रिक्षावाला म्हणे, "ताई, घरी कोनाचं काय झालं का?" काय सांगू त्याला!

सोमवार, ३

आईनं सुजलेले डोळे पाहिले. सांगावंच लागलं. तर म्हणते, "जादू ती जादू. दुसरी कर."

अगं, तसं नसतं! आमच्या खेळातली इरा सॉर्सरर. तिची जादू रक्तातच, ना वही ना अभ्यास. मी विझर्ड. रोज सकाळी पुस्तक उघडून चार मंत्र पाठ करायचे, दिवसभर त्यावर भागवायचं. वापरला की डोक्यातून गेला. पुस्तक नाही तर मी कोणीच नाही. आणि क्षितिज वॉरलॉक. शिकलेलं काही नाही, जन्मतः काही नाही. अंधारातल्या कुठल्यातरी धन्याशी करार केलाय, ताकद तो धनी देतो. त्यानं मागितलं की द्यायचं. त्याचे हुकूम ओजस क्षितिजला चिठ्ठीवर देतो, आम्हाला दाखवत नाही.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे धन्यानं मागितलं आणि ह्यानं तुझं दिलं."

हो. नेमकं तेच!

बुधवार, ५

चाकणला कारखान्यात शिफ्टभर लक्ष नाही. दोन खराब पार्ट पास केले, साहेबांनी झापलं. क्षितिजला या खेळात मीच आणलं. राजगुरुनगरहून नवीन आला होता, कोणाशी बोलायचा नाही. नियम मी शिकवले!

शुक्रवार, ७

फोन केला. का केलंस? — "सई, आत्ता नाही सांगू शकत." बरं!

रविवार, ९

खेळात अजून पुस्तक जळलं तीच रात्र, जंगलात मुक्काम. माझ्या डोक्यात एकच मंत्र उरलेला, सकाळी पाठ केलेला. विजेचा.

पहारा माझा होता. क्षितिज म्हणाला, "सई जागी आहे ना? मग मी चिलखत काढून झोपतो."

मी म्हटलं, "वीज. क्षितिजवर."

इरा किंचाळली, "अगं ए!" ओजसनं दोनदा विचारलं, "नक्की?" नक्की. फासे टाकले. मेला.

त्यानं आपल्या कॅरेक्टरचा कागद घडी करून खिशात ठेवला. मी म्हटलं, सगळ्यांसमोर — "विकला गेलेला माणूस." तो बूट घालून निघून गेला.

खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं.

रविवार, १६

क्षितिज आला नाही. ग्रुपमधूनही बाहेर पडलाय. इरा माझ्याशी धड बोलली नाही. मी काय चुकीचं केलं?

रविवार, २३

ओजसनं खेळ बंद केला. वही परत दिली. "आता हरकत नाही," म्हणाला. आत एक चिठ्ठी.

ओजसचं अक्षर: विझर्डचा जीव हवा, नाहीतर तिचं पुस्तक. कोणाला सांगितलंस तर तिचा जीवच घेईन.

खाली क्षितिजचं: पुस्तक घे. ती परत लिहील.

मेल्यावरही तोंड उघडलं नाही त्यानं. चारदा फोन लावला. उचलत नाही.

पहारा माझा होता.