हलका घ्या, आबा

दि. ११, गुरुवार, दुपार

चि. खारूताईस,

आबाचे पोटभर आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा आहे तिथेच आहे. तू कॉलेजला गेल्यापासून तुझ्या कुंडीला मीच पाणी घालतो. बहुतेक दोनदा घातलं जातं, कारण पहिल्यांदा घातलं की नाही ते आठवत नाही. होस्टेलात नीट जेवतेस ना? दाराला आतून कडी लावतेस ना?

फोनवर माझं निम्मं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितो. पत्र खोक्यात अगदी वर ठेवलंय. आधी हे वाच, मग बाकीचं काढ. चित्रं काढायच्या पाटीचं पेन बारीक आहे, खोक्यातल्या कागदांबरोबर फेकून देशील.

लॅपटॉपचं तू बजावलं होतंस, "आबा, मेमरी सोळा हवी आणि हलका घ्या. रोज न्यायचाय." तेच घोकत दुकानात गेलो. तिथल्या चष्मेवाल्या मुलीने एक वापरलेला दाखवला. चांगला दांडगा. पडदा हा एवढा, मेमरी दुप्पट, किंमत कमी. फक्त बॅटरी गेलेली, सतत वायर लावून ठेवायची. उरलेल्या पैशांत पडदावाली पाटीही बसत होती, जिच्यावर काढलं की चित्र तिथेच दिसतं.

मी उचलून बघितला. जन्म पार्सल ऑफिसात काट्यापाशी गेला, हाताला वजन कळतं. म्हटलं, "हाच द्या."

"काका, हा खांद्यावरून नेणार कोण?"

"न्यायचा कशाला? घरीच राहील."

"मग लॅपटॉप कशाला, कपाट घ्या की!"

मीही हसलो आणि पाटीसकट घेतला. मोठा पडदा, जास्त मेमरी, पैसे वाचले, अशी कारणं तुला सांगायला पाठ करत घरी आलो. मागच्या खोलीत टेबल खिडकीशी सरकवलं. तुझा पाय अडकू नये म्हणून वायरी भिंतीच्या कडेने घेतल्या. दर शनिवारी तू येशील, इथे बसशील, मी चहा ठेवीन.

हे तुला सांगणार नव्हतो.

तिथेच खुर्चीत डोळा लागला. पडद्याचा निळा उजेड हळूहळू भिंतीवर चढत होता, खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत. तू आलीस. टेबलाशी बसलीस, पाठ ताठ. पेन हातात होतं, पण काढत काहीच नव्हतीस. दवाखान्यात नंबराची वाट बघतात तशी बसलेलीस. मी विचारलं, "काय झालं गं?" तू म्हणालीस, "काही नाही, आबा. शनिवार आहे ना."

जागा झालो तरी उठवेना. मग आठवलं, तू टेबलाशी बसून चित्र कधी काढलंच नाहीस. जिन्यात काढायचीस, पाण्याच्या टाकीवर, नाहीतर माझ्या काट्यावर पाय मुडपून. मी तुझं वजन करायचो आणि तू माझं नाक काढायचीस.

दुसऱ्या दिवशी सगळं परत नेलं. चष्मेवाली म्हणाली, "काय काका, कपाट मावलं नाही?"

म्हटलं, "नात मावली नाही."

त्यांनी थोडे पैसे कापले, ते तू मनाला लावून घेऊ नकोस. आता पाठवतोय तो हलका आहे. मेमरी सोळाच, पडदा जरा लहान. बॅटरी दिवसभर पुरते म्हणाली, मला खरं वाटत नाही, चार्जर जवळ ठेव. पाटी मात्र साधी, काळी. तिच्यावर काहीच उमटत नाही. हात इथे फिरतो, रेघ तिकडे पडद्यावर निघते. दुकानात मी ओढून बघितली आणि घाबरलोच, रेघ गेली कुठे? पोरगी म्हणाली, "काका, हाताकडे बघू नका. समोर बघा." बघितलं, तर माझी वाकडी रेघ तिकडे एकटीच चालली होती. छान चालली होती.

टेबल खिडकीशी तसंच ठेवलंय, रिकामं. आलीस तर बस. नाहीतर जिना आहेच.

पाण्याची बाटली लॅपटॉपपासून लांब ठेव.

हाताकडे न बघायला शिकणारा,
तुझा आबा